घरगुती न्हाय, कमर्शिअल!

मागच्या महिन्यात एका लॉ कॉलेजनं लेक्चरला बोलावलं. वर निरोप आला, "मॅडम, ओळख करून द्यायची आहे. तुमची प्रोफेशनल पार्श्वभूमी दहा ओळींत पाठवा." बसले लिहायला. शिक्षण, सनद, शाहूपुरीत इंगवले सरांच्या चेंबरमध्ये सतरा वर्षं, कमर्शिअल कोर्टात प्रॅक्टिस. चार ओळींत संपलं की! उरलेल्या सहा ओळींत काय घालावं म्हणून आठवायला लागले आणि घोटाळा झाला. जे जे आठवलं, त्यातलं एकही पोरांसमोर माईकवरून वाचण्यासारखं नव्हतं!

वकिलाकडं किस्से साठतात ते जुन्या फायलींसारखे. मुद्दाम कुणी साठवत नाही, पण टाकून द्यायचा धीर होत नाही. आधी कपाटात, मग कपाटावर, मग टेबलाखाली आणि शेवटी पाहुण्यांच्या खुर्चीवर. मग कुणी आलं की त्याला टेकायला जागा करायची म्हणून दोन-चार उचलून बाजूला ठेवायला लागतात. त्या उचललेल्या ह्या. अशिलांची नावं बदललीत. स्वभाव बदलायचे कसे, ते मला सतरा वर्षांत जमलेलं नाही.

*

मी मूळची कोडोलीची. सनद मिळाली तेव्हा गावातून एकच प्रश्न यायचा, "पोटगीचं बघतीस का खुनाचं?" गावाच्या लेखी वकिलाच्या जाती दोनच. मी व्यापाऱ्यांचे दावे चालवते, म्हणजे भागीदारी मोडली, करार पाळला नाही, एकाच्या मालाचं नाव दुसऱ्यानं वापरलं, असले. हे सांगून सांगून माझा घसा बसला.

शेवटी आमच्या तात्यांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, हे काम अंगावर घेतलं. चुलत बहिणीच्या लग्नात भर मांडवात मला पाहुण्यांसमोर उभं केलं.

"ही आमची पुतणी. वकील हाय. आणि साधी न्हाय बरं का, कमर्शिअल!"

पाहुण्यांच्या चेहऱ्यावर काही उजेड पडला नाही. "म्हंजे कसं?"

तात्यांनी क्षणभर विचार केला. मांडवाच्या मागं आचाऱ्यांची भट्टी पेटलेली. तिकडं हात करून म्हणाले, "त्या गॅसच्या टाक्या दिसत्यात का? लाल आसती ती घरगुती. निळी आसती ती कमर्शिअल. आमची निळी हाय!"

पाहुण्यांना लख्ख समजलं. माना डोलल्या. एक म्हातारी मात्र मला खालपासून वरपर्यंत न्याहाळत होती. जवळ आली, माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि हळूच म्हणाली, "लई गुणाची हाईस गं. पण तुझ्यावर सबसिडी मिळत नसंल न्हवं?"

*

इंगवले सरांकडं पहिल्यांदा गेले तेव्हा ते पेरू खात बसले होते. चेंबर दुसऱ्या मजल्यावर, खाली टायरचं दुकान. त्यामुळं आमच्याकडच्या सगळ्या कायद्याच्या पुस्तकांना आजही रबराचा वास येतो. इंटरव्ह्यू-बिंटरव्ह्यू काही नाही. सरांनी एक जुना भागीदारीचा करार माझ्यापुढं सरकवला.

"वाच. ही भागीदारी मोडली. कशानं मोडली ते सांग. पेरू संपोस्तोवर वेळ हाय."

मी अभ्यासू पोरगी. धाडधाड पानं उलटली. "सर, कलम चारमध्ये कामाची वाटणी स्पष्ट नाही. कलम नऊमध्ये लवाद कसा नेमायचा ते लिहिलेलं नाही. एकानं बाहेर पडायचं ठरवलं तर काय, याची तरतूदच नाही. आणि शेवटच्या पानावर साक्षीदाराची एकच सही आहे!"

मनातल्या मनात मी स्वतःला शाबासकी दिली. सर दातात अडकलेली बी काढत होते.

"झालं? आता पयली ओळ वाच. मोठ्यानं."

मी वाचली. "'लिहून देणार पार्टी नंबर एक हे पार्टी नंबर दोन यांचे सख्खे साडू असून...'"

"बास! फुडं कशाला वाचत बसलीस?"

मला वाटलं, गेली नोकरी. तोंड पाडून उठले, तर सरांनी पेरूची राहिलेली फोड माझ्यापुढं केली. "उद्या धाला ये. आणि जेवून ये, आमच्यात दुपारचं जेवण दुपारी मिळत न्हाय."

*

सरांचे कारकून शिवामामा. साठी उलटलेली, पांढऱ्याशुभ्र मिशा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, चालणं सावकाश. कोर्टात ते व्हरांड्यातून निघाले की नवे पोलीस त्यांना न्यायाधीश समजून सॅल्यूट ठोकतात. मामाही मान हलवून तो स्वीकारतात!

पेठ वडगावचे जयसिंगराव आमच्याकडं आले ते माझ्या सुरुवातीच्या वर्षांत. कोंबडीखाद्याचा कारखाना. त्यांचा जुना वितरक त्यांच्याच नावाच्या गोण्यांत भलतंच खाद्य भरून विकत होता. कोंबड्या आजारी पडायला लागल्या आणि नाव खराब व्हायला लागलं जयसिंगरावांचं. सरांनी केस माझ्याकडं दिली. माझी एकटीची पहिली मोठी केस.

जयसिंगराव यायचे, माझ्यासमोर बसायचे आणि तोंड मात्र शिवामामांकडं. मी दहा मिनिटं समजावून सांगायची. ते सगळं ऐकून झाल्यावर मामांकडं वळून म्हणायचे, "व्हय का ओ साहेब?"

मामा फाईलची दोरी आवळता आवळता म्हणायचे, "बाई सांगत्यात ते बरोबर हाय."

एकदा न राहवून मी म्हटलं, "जयसिंगराव, केस मी चालवतेय."

"चालवा की ताई, न्हाय कोण म्हणतंय? पण साहेबांच्या कानावर घातल्यालं बरं असतंय."

पाऊण तास घसा फोडून मी मनाई हुकूम मिळवला. संध्याकाळी जयसिंगराव नारळ, पेढे आणि भगवा फेटा घेऊन चेंबरमध्ये हजर! मी खुर्चीतून अर्धी उठले. ते माझ्या अंगावरून सरळ पुढं गेले आणि मामांच्या डोक्याला फेटा बांधायला लागले!

खोटं कशाला सांगू, डोळ्यात टचकन पाणी आलं. मी कागद चाळायचं नाटक करत बसले. आतल्या दारात सर उभे होते.

मामांनी फेटा पुरता बांधू दिला. मिशीवरून हात फिरवला. मग एकदम जज्जासारख्या आवाजात म्हणाले, "जयसिंगराव, फायली बांधायचं काम माझं. सोडवायचं काम ह्या बाईंचं. मी सातवी नापास हाय."

जयसिंगरावांचं तोंड बघण्यासारखं झालं. त्यांनी मामांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, शेवटी फेट्याकडं बघितलं.

"मग आता... ह्यो सोडू का?"

"ऱ्हाऊ द्या," मामा म्हणाले. "बांधल्यालं सोडायचं काम बी बाईंचंच हाय!"

*

सुमनकाकींचा 'काकीचा कांदा-लसूण' मसाला जोरात चालायचा. लाल पाकीट, वर नथ घातलेल्या बाईचं चित्र. त्यांच्या सख्ख्या जावेनं वर्षभरात 'काकूचा कांदा-लसूण' काढला. पाकीट लाल. चित्र नथीचं. आता ती जाऊसुद्धा कुणाची तरी काकू होतीच, त्यामुळं नाव खोटं आहे असंही म्हणता येईना!

अशा दाव्यात एक गोष्ट सिद्ध करायला लागते: साधं गिऱ्हाईक फसलं पाहिजे. आम्ही एक फसलेलं गिऱ्हाईक शोधून काढलं. आनंदा रिक्षावाला. सरळ माणूस. त्याचं प्रतिज्ञापत्र मी स्वतः केलं, इतकं झकास की वाचताना मलाच वाटलं, आपणच फसलोय!

त्याचा उलटतपास सुरू झाला. समोरचे वकील हळू आवाजात विचारत होते. मला हळू आवाजाची तेव्हाही भीती वाटायची.

"दुकानात काय मागितलंत?"

"काकीचा मसाला."

"मिळाला कुठला?"

"काकूचा."

"कधी कळलं?"

"जेवताना."

सगळं लिहिल्याप्रमाणे. मी पेन खाली ठेवलं.

"मग दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन दुकानात गेलात?"

"गेलतो की."

हे तर प्रतिज्ञापत्रातसुद्धा नव्हतं! मी खूश. सर मात्र खुर्चीत अस्वस्थ हलले.

"पाकीट परत केलंत?"

"न्हाय. आणि दोन आणली."

"का?"

आनंदानं एकदा सुमनकाकींकडं बघितलं, एकदा जज्जसाहेबांकडं. "खरं बोलायची शपथ घेतलीया न्हवं साहेब? काकूचा जरा जास्त झणझणीत हाय."

मागच्या बाकावर सुमनकाकी ताडकन उभ्या. "आनंदा, दिवाळीला घरी ये तू! दावतो तुला झणझणीत!"

साहेब म्हणाले, "बाई, खाली बसा. साक्षीदाराला धमकी देऊ नका."

"धमकी न्हवं साहेब, फराळाला बोलवाय लागलोय!"

तो दावा शेवटी आम्ही जिंकलो, पण पाकिटाच्या रंगावर. जावेनं पाकीट हिरवं केलं. सरांच्या घरी तेव्हापासून कुठल्या रंगाचं पाकीट जातं, ते मी सांगणार नाही. अशिलाच्या गोष्टी बाहेर सांगायच्या नसतात, तशा सरांच्याही.

*

गुळाच्या एका दाव्यात मात्र आमच्या साक्षीदारानं आम्हाला तारलं. आमच्या व्यापाऱ्याचा गूळ समोरच्या कंपनीनं परत पाठवला. म्हणे, साखर मिसळलीय. दोन्ही बाजूंचे लॅबचे रिपोर्ट, दोन्ही एकमेकांच्या उलटे. मग सरांनी तुकाराम अण्णांना साक्षीला आणलं. चाळीस वर्षं गुळाची ढेप नाकाला लावून तिची प्रत सांगणारा माणूस. धोतर, टोपी, खिशात तपकिरीची डबी.

समोर पुण्याहून आलेले वकील. सुटातले.

"शिक्षण किती?"

"चौथी."

"केमिस्ट्री शिकलात?"

"कोण?"

"रसायनशास्त्र."

"न्हाय. गुऱ्हाळात काढली वर्सं."

"म्हणजे तुम्ही नुसता वास घेऊन सांगता, यात साखर आहे की नाही?"

"व्हय."

वकील जज्जसाहेबांकडं वळून हसले. "यावर कोर्टानं विश्वास ठेवायचा?"

अण्णा पिंजऱ्यातून जरासे पुढं वाकले. नाक दोनदा फुरफुरलं.

"वकीलसाहेब, तुमी आत्ताच गेटाभाईरनं गुळाचा चहा पिऊन आलाय."

"बरं मग?"

"त्यात गूळ न्हवता. साखर हुती."

कोर्टात हशा उठला. एकटे जज्जसाहेब हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला. "गेटाबाहेर म्हणजे... पिंपळाजवळची टपरी?"

"व्हय साहेब. तीच."

साहेबांचा चेहरा गंभीर झाला. त्यांचाही चहा तिथूनच यायचा, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं! "हे रेकॉर्डवर घेऊ नका," ते टायपिस्टला म्हणाले आणि घोटभर पाणी प्यायले.

दुपारच्या सुट्टीत गेटाबाहेर आरडाओरडा. बघतो तर पुण्याचे वकील सूट घालून टपरीवाल्याशी भांडतायत! "बोर्डावर 'गुळाचा चहा' लिहिलंय की नाही?"

टपरीवाला शांतपणे कप विसळत होता. "लिवलंय की. पण 'गूळ घातल्याला' आसं कुटं लिवलंय?"

इंगवले सर माझ्या कानाशी आले. "ह्याचा नंबर घे गं. आपल्याला असा एक ज्युनिअर पायजे."

*

आता हा माझ्यावरचा. आमच्या बारमध्ये हा प्रत्येकजण माझ्याच देखत सांगतो, तेव्हा मीच सांगितलेला बरा.

नवीन असताना कोर्टानं मला एका दाव्यात कमिशनर नेमलं. एका चप्पलवाल्याची तक्रार होती की दुसरा एकजण त्याचा शिक्का मारून कोल्हापुरी चपला विकतोय. कमिशनरचं काम म्हणजे त्या दुसऱ्याच्या कारखान्यात जायचं, शिक्का असलेल्या चपला पोत्यात भरायच्या, लाखेचं सील लावायचं, पंचनामा करायचा. मी काळा कोट घालून, ताठ मानेनं, दोन पंच घेऊन गेले.

दारात कारखानदाराची म्हातारी आई बसलेली. "बाई, पायताण भाईर काढा. आत आमची लक्ष्मी हाय."

रास्त होतं. मी चपला काढल्या, आत गेले. चार तास खाली मान घालून काम केलं. आतल्या चपला, ओसरीवरच्या चपला, वाळत घातलेल्या चपला. अकरा पोती भरली. सील लावलं, सह्या झाल्या. काय रुबाब वाटला स्वतःचा!

दारात आले तर माझ्या चपला नाहीत.

"इथं माझ्या चपला होत्या," मी म्हटलं.

एक पंच डोकं खाजवायला लागला. "तुमच्या हुत्या व्हय त्या? मी उलट्या करून शिक्का बघितला. त्योच हुता. घातल्या पोत्यात."

काय झालं ते माझ्या डोक्यात शिरायला अर्धं मिनिट लागलं. महिन्यापूर्वी बाजारात हौसेनं घेतलेल्या माझ्या चपला नकली निघाल्या होत्या. ज्या मालावर सील मारायला मी कोर्टाकडून आले होते, तोच माल पायात घालून आले होते!

कुठल्या पोत्यात ते पंचाला आठवेना. सील कोर्टाच्या हुकमाशिवाय तोडता येईना. म्हातारीला माझी दया आली. तिनं आतून एक बिनशिक्क्याचा नवा जोड आणून पुढं ठेवला. "ह्ये घालून जावा बाई, ऊन लई हाय." पण दाव्यातल्या पार्टीकडून कमिशनरनं चप्पल कशी घ्यायची? मी हात जोडले आणि तापलेल्या डांबरावरून उड्या मारत रिक्षापर्यंत गेले.

दुसऱ्या दिवशी सरांनी माझ्या वतीनं अर्ज केला. 'एक जोड लेडीज चप्पल, सहा नंबर, वापरलेली, परत मिळणेबाबत.' जज्जसाहेबांनी अर्ज वाचला आणि बराच वेळ तो कागद तोंडासमोरून खाली घेतला नाही. कागद मात्र हलत होता.

मग वादीच्या वकिलांना विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

ते उठले. "आमची हरकत आहे, सर. चप्पल नकली आहे. मॅडमना परत दिली तर त्या ती घालून गावभर फिरणार. आमच्या अशिलाच्या नावाचं काय?"

साहेब प्रतिवादीच्या वकिलांकडं वळले. ते बिचारे फाईल शोधण्यात गुंग होते. नाव पुकारल्यासारखं वाटलं म्हणून खडबडून उठले आणि तीस वर्षांच्या सवयीनं म्हणाले, "म्हणणं द्यायला मुदत मिळावी, सर!"

मिळाली. पंधरा दिवस!

*

बाळू पेंटर आणि दिलावर पेंटर यांचं एकच दुकान होतं, अठ्ठावीस वर्षं. बाळूचं अक्षर, दिलावरचं चित्र. अर्ध्या शहराचे बोर्ड, तालमींच्या भिंती, ट्रकांची मागची फळी, सगळं ह्यांच्या हातचं, आणि कोपऱ्यात बारीक सही: 'बा-दि'. फ्लेक्स आले तेव्हा बाकीचे पेंटर घरी बसले. ह्या दोघांनी फ्लेक्सचं मशीन घेतलं आणि हातानं रंगवणंही चालू ठेवलं.

आणि मग भांडले. कशावरून, ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही. बाळू आमचा अशील. त्यानं आम्हाला एक कारण सांगितलं, दिलावरनं त्याच्या वकिलाला दुसरं. सरांच्या मते दोन्ही खोटी. दुकानं वेगळी झाली, पण दोघंही आपापल्या बोर्डाच्या कोपऱ्यात 'बा-दि' लिहायला लागले, आणि त्या सहीवरून बाळूनं दावा लावला.

कोर्टानं आधी समझोत्याला पाठवलं. एक रिटायर्ड जज्जसाहेब मध्यस्थ. दोन बैठकांत सगळं मिटलं. जुनी जागा बाळूला, मशीन दिलावरला, 'बा-दि' ही सही कुणीच वापरायची नाही. सहीसाठी पेन पुढं केलं तर बाळू हात मागं घेऊन बसला.

"आणि एक कलम घाला."

"कसलं?" सरांनी विचारलं.

"रस्त्यात गाठ पडली की ह्यानं मला 'काय बाळासाब' म्हणायचं. आठ म्हयनं झालं, तोंड फिरवून जातोय."

मध्यस्थांनी सरांकडं बघितलं. सरांनी माझ्याकडं. दिलावर खाली मान घालून टेबलावरचा रंगाचा एक जुना डाग नखानं खरवडत होता. तो म्हणाला, "मग ह्यानं बी 'बोला भाई' म्हणाय पायजे. मी एकट्यानंच का म्हणायचं?"

"लिव," सर मला म्हणाले.

मी कलम अकरा लिहायला घेतलं आणि खरी भांडाभांडी तिथं सुरू झाली! दिलावरचे वकील म्हणाले, "गाठ पडणं म्हणजे किती अंतर?" दहा फूट ठरलं. "समोरच्यानं हेल्मेट घातलं असेल तर?" सर म्हणाले, "कोल्हापुरात?" तो मुद्दा त्यांनीच मागं घेतला. सह्या झाल्या. कोर्टानं त्याबरहुकूम हुकूमनामा केला. खाली उतरायला जिना एकच होता. दिलावर उतरेपर्यंत बाळू वर कठड्याला धरून उभा राहिला.

चार महिन्यांनी बाळू चेंबरमध्ये.

"वकीलसाहेब, दरखास्त लावा. हुकूमनामा पाळत न्हाय त्यो."

"सही वापरतोय?"

"न्हाय ओ. 'काय बाळासाब' म्हणत न्हाय!"

सर म्हणाले, "तू म्हणतोस का 'बोला भाई'?"

"त्यानं म्हटल्यावर मी म्हणायचं. क्रम तसाच लिवलाय ह्या बाईंनी!"

मी कलम काढून बघितलं. खरंच की. 'त्यास उत्तर म्हणून वादीने...' माझंच ड्राफ्टिंग.

सरांनी त्याला समजावलं. असल्या गोष्टीला कोर्टात जाऊ नकोस, लोक हसतील, तूच पहिल्यांदा हाक मार आणि मोकळा हो. बाळू ऐकत होता, हातातली टोपी पिळत होता.

"साहेब, मशीन गेलं, सही गेली, त्याचं काय न्हाय. पर मी कोर्टाकडनं मागून घेतल्यालं एवढं एकच हाय."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "लिव गं दरखास्त."

मी लिहिली. जज्जसाहेबांनी दोनदा वाचली. हुकूमनामा मागवून कलम अकराही वाचलं. "हे खरंच यात आहे?" असं विचारलं. मग दिलावरला नोटीस काढली आणि बजावायला बेलीफ पाठवला.

पुढच्या तारखेला बाळू आला नाही. दिलावरही नाही. दोघांचे वकील तेवढे उभे. साहेबांनी बेलीफाचा अहवाल वाचून दाखवला. त्याची नक्कल मी रीतसर अर्ज करून काढून घेतली. ती अशी:

"आदेशाप्रमाणे प्रतिवादीचे दुकानी समक्ष गेलो. प्रतिवादी शिडीवर चढून बोर्डावर चित्र काढत असताना मिळून आले. वादी हे खाली शिडी धरून उभे असताना मिळून आले. वादीबाबत प्रतिवादीस विचारले असता, सदर इसमाशी आपले बोलणे नाही, असे सांगितले. वादीस विचारले असता त्यांनीही तसेच सांगितले. नोटीस घेणेकामी प्रतिवादीस खाली उतरणेस सांगितले असता, रंग ओला आहे, त्याला हलवू नका, अशी वादीने हरकत घेतली. सबब नोटीस न बजावता परत."